हातचा एक

पहिलीच्या वर्गातली मुले जमिनीवर गोल करून बसतात, मधोमध चिंचोक्यांचा ढीग असतो आणि एकेक जण तीन चिंचोके उचलून स्वतःपुढे मांडतो. कृतीतून शिकण्याचा याहून साधा प्रकार नसेल. तत्त्वज्ञानाची अडचण मात्र इथेच सुरू होते. मांडलेल्या चिंचोक्यांपैकी पहिला ‘तीन’ नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. प्रत्येक चिंचोका तपकिरी आहे, गुळगुळीत आहे, टणक आहे. हे गुण बोटांना कळतात. ‘तीन’ मात्र त्यांतल्या एकातही नाही. जे वस्तूत सापडत नाही ते वस्तू हाताळून शिकता येते, ते कसे?

वैशेषिक दर्शनाला हा पेच चांगलाच ठाऊक होता. या दर्शनाने संख्येला रूप, रस, गंध यांच्या पंक्तीत बसवले: संख्या हा द्रव्याचा गुण. ‘एक’ असण्याबद्दल तक्रार नाही, कारण प्रत्येक वस्तू एक असतेच. घोटाळा दोनपासून सुरू होतो. दोन हा गुण दोन वस्तूंमध्ये मिळून राहतो. एक वस्तू उचलून नेली की तो उरत नाही, आणि उरलेल्या वस्तूचा रंग किंवा वास तर बदललेला नसतो. प्रशस्तपादाच्या ‘पदार्थधर्मसंग्रहा’त याचा उलगडा असा केला आहे की ‘हा एक, हा एक’ अशा वेगवेगळ्या एकांना कवेत घेणारी एक बुद्धी असते. तिचे नाव अपेक्षाबुद्धी. ती उपजली की द्वित्व उपजते, ती मावळली की द्वित्वही नाहीसे होते. बाह्य वस्तूंचे अस्तित्व ठामपणे मानणाऱ्या, वास्तववादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दर्शनाने इथे मोजणाऱ्याला एवढी मोकळीक द्यावी, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. चिंचोके वर्ग सुटल्यावरही जमिनीवर पडून राहतात. ‘तीन’ मात्र मोजणाऱ्या मुलाबरोबर उठून घरी जाते.

विसाव्या शतकात झाँ पियाजे जिनिव्हात बसून वेगळ्याच वाटेने याच ठिकाणी पोहोचला. त्याने ज्ञानाचे दोन प्रकार वेगळे काढले. दगड जड आहे, पाणी ओले आहे हे ज्ञान वस्तूकडून येते. संख्या, क्रम, वर्गवारी यांचे ज्ञान वस्तूकडून येत नाही. वस्तूंवर आपण जी कृती करतो त्या कृतीकडून येते. यासाठी तो आपल्या एका गणिती मित्राच्या बालपणीची गोष्ट सांगत असे. लहानगा खडे घेऊन बसला होता. त्याने ते ओळीत मांडून मोजले, दहा भरले. उलट्या टोकाकडून मोजले, दहाच. मग वर्तुळात मांडून मोजले, तरी दहा. मुलगा थक्क झाला. पियाजेचे म्हणणे असे की खड्यांना ना ओळ होती ना वर्तुळ. ती मुलाने आणली. बेरीजही खड्यांत नव्हती, ती मुलाच्या एकत्र आणण्यात होती. मुलाने शोध लावला तो खड्यांचा नव्हे, आपल्याच हालचालींचा.

याच पियाजेचा दुसरा प्रयोग शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत हमखास असतो. दोन ओळींत सारखी नाणी मांडायची, मग एक ओळ पसरट करायची. लहान मूल सांगते, पसरलेल्या ओळीत जास्त नाणी आहेत. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी यात एक खोडी घातली: ओळ मोठ्या माणसाने विस्कटण्याऐवजी एका खट्याळ अस्वलाच्या बाहुलीने ‘चुकून’ विस्कटली. आता पुष्कळ अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठा माणूस मुद्दाम काही हलवतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो, तेव्हा मूल नाण्यांचा नव्हे, त्या माणसाच्या मनाचा अंदाज घेत असते. वर्गातली कृती ही मूल आणि वस्तू या दोघांतच कधी घडत नाही; शिक्षकाचा चेहरा तिथे तिसरा असतोच.

पियाजेचे उत्तर बरेचसे पटते, तरी त्यात एक गोष्ट हलकेच निसटते. हाताच्या मांडण्यातून ज्ञान येते हे खरे, पण केव्हा येते? हाताला हवे ते मिळाले तेव्हा, की मिळाले नाही तेव्हा? या प्रश्नावर छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय अजूनही सर्वांत खोल जातो. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, मान ताठ करून घरी आला. पाठांतर चोख होते. त्याचे वडील उद्दालक आरुणी यांनी त्याला पुन्हा शिकवायला घेतले, आणि चोवीस वर्षांच्या विद्वानाला त्यांनी जे शिक्षण दिले ते आजच्या भाषेत पहिलीच्या वर्गाला शोभणारे आहे. वडाचे फळ आण. फोड. काय दिसते? बारीक बिया. त्यातली एक फोड. आता काय दिसते? काहीच नाही. दुसरा पाठ मिठाचा. रात्री पाण्यात मीठ टाकायचे, सकाळी वडील म्हणतात, ते मीठ काढून दे. मुलगा पाण्यात हात घालून चाचपतो, मीठ सापडत नाही. मग पाणी वरून चाखायचे, मधून चाखायचे, तळातून चाखायचे, सगळीकडे खारट. त्याआधी तर वडिलांनी त्याला पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवून वेद म्हणायला सांगितले आणि एकही ऋचा आठवली नाही तेव्हा पुन्हा जेवू घातले. मन अन्नावर चालते, हे व्याख्यान देऊन सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही.

या पाठांत एक बारकावा आहे, आणि कृतियुक्त शिक्षणाचे गोडवे गाताना नेमका तोच विसरला जातो. उद्दालकांनी हाताला जी कामे सांगितली ती सगळी मोक्याच्या क्षणी फसतात. बी फोडली तर आत काही नाही. पाणी चाचपले तर हाताला मीठ नाही. पाठाचा आशय हाताला जे सापडले त्यात नाही; हात रिकामा राहिला तिथे आहे. तरी हात घातल्याशिवाय तो रिकामेपणा मुलाचा स्वतःचा झाला नसता. ‘बीच्या आत काही दिसत नाही’ हे वाक्य वडिलांना पाठ म्हणूनही देता आले असते, आणि श्वेतकेतूने ते बाकीच्या वेदांशेजारी नीट रचून ठेवले असते.

प्लेटोच्या ‘मेनो’ संवादातला गुलाम मुलगा असाच अडतो. दोन फूट बाजूचा चौरस वाळूत काढला आहे. याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करा. रेषा ओढली जाते आणि आठाऐवजी सोळा चौरस फूट भरतात. तीन फुटांची बाजू घेतली तर नऊ. रेषा सॉक्रेटीस ओढतो, मुलगा पाहतो, त्यामुळे याला हस्तकृती म्हणणे थोडे ओढूनताणूनच होईल. प्लेटोला तर यातून आत्म्याच्या पूर्वजन्मीच्या स्मृतीचा सिद्धांत मांडायचा होता. तो सिद्धांत मानला न मानला तरी वाळूने केलेले काम उरते: तिने उत्तर दिले नाही, चुकीचे उत्तर टिकू दिले नाही.

माँटेसरीची साधने याच तत्त्वावर बेतलेली आहेत. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा, दहा दट्टे. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत बसवला की शेवटी एक उरतो आणि कुठेच बसत नाही. ‘चुकले’ असे बाईंना म्हणावे लागत नाही. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिने पहिले बालगृह उघडले तेव्हा महागडी खेळणी बाजूला ठेवून मुले याच कामांकडे वळतात असे तिला दिसले, आणि म्हणून तिने मुलांच्या या व्यवहाराला खेळ न म्हणता काम म्हटले.

तिच्या आधी सुमारे ऐंशी वर्षे फ्रीड्रिश फ्रोबेलने नेमके उलटे म्हटले होते. त्याच्या दृष्टीने खेळ ही बालपणाची सर्वांत शुद्ध, सर्वांत आध्यात्मिक कृती होती. फ्रोबेल थुरिंजियातल्या एका लूथरन पाद्र्याचा मुलगा. बर्लिनमध्ये त्याने स्फटिकशास्त्र शिकले आणि खनिजांच्या संग्रहालयात मदतनीस म्हणून काम केले. निर्जीव स्फटिकही आतल्या नियमाने वाढतो हे पाहून त्याची खात्री झाली की सृष्टीत सर्वत्र एकच ईश्वरी नियम वावरतो आणि मुलाच्या मनाची वाढही त्याच नियमाने होते. १८४० मध्ये त्याने आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंना तो देणग्या म्हणे. पहिली देणगी सहा रंगीत लोकरी चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि वृत्तचितीची: गोल म्हणजे एकत्व, घन म्हणजे विविधता, आणि वृत्तचिती दोघांना जोडणारी. घन दोऱ्याला टांगून गरगर फिरवला की त्यात वृत्तचिती दिसू लागते. भेदांच्या पोटात एकत्व दडले आहे हे मुलाला शब्दांशिवाय कळावे, ही त्यामागची श्रद्धा. इतक्या भाविक माणसाच्या बालोद्यानांवर प्रशियाच्या सरकारने ऑगस्ट १८५१ मध्ये बंदी घातली, ती नास्तिकता पसरवल्याच्या आरोपावरून. पुतण्या कार्ल फ्रोबेलच्या लिखाणाशी घोटाळा झाला होता. बंदी १८६० मध्ये उठली. फ्रोबेल १८५२ मध्येच गेला होता. त्याच्या थडग्यावर घन, वृत्तचिती आणि गोल एकावर एक रचलेले आहेत.

अशा प्रकारे एकाच लाकडी वस्तूबद्दल तीन मते तयार होतात. फ्रोबेलसाठी ती परमेश्वरी एकत्वाची खूण आहे. माँटेसरीसाठी ती चूक दाखवणारा आरसा आहे. पियाजेसाठी ती निमित्तमात्र आहे. मांडणाऱ्याची कृती खरी. यांत बरोबर कोण, हे वादाने ठरणे कठीण. पण ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, आताच्या पालघर जिल्ह्यात, या मतांची एक नकळत परीक्षा झाली.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पद्धत पटली होती, पण मूळची साधने महाग होती आणि ती शहरी, सुखवस्तू घरांतल्या मुलांपर्यंतच पोहोचत होती. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. रोममध्ये घडवलेल्या लाकडी दट्ट्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले.

आता तिन्ही मते तपासून पाहता येतात. वस्तूचा आकार हाच जर ईश्वराचा संकेत असेल, तर ओबडधोबड सागरगोटा चालायला नको. त्याच्यात ना शुद्ध गोल आहे ना घन. पण कुरणातली मुले शिकली. वस्तूने चूक दाखवणे हेच सर्वस्व असेल, तर नेमक्या मापाची साधने गेल्यावर शिकणे अडायला हवे होते. ते थोडे अडतेही: लहान-मोठ्याचा क्रम लावायला शिंपले चालतात, पण दोन शिंपल्यांतला फरक दर वेळी सारखाच नसतो. तिथे वस्तूची जागा शिक्षिकेला भरून काढावी लागते. फ्रोबेलच्या गूढवादाला गरिबीने असा धक्का दिला, माँटेसरीचे म्हणणे अर्धे उचलून धरले, आणि मांडणारा हात कोणत्याही वस्तूवर चालतो हे दाखवले. आणखी एक गोष्ट त्या टेकडीवर ठळक झाली, जी तिन्ही मतांत नव्हती. शिंपला वारली मुलाच्या ओळखीचा होता. परकी वस्तू हातात घेताना मूल आधी तिचे नवल करते. ओळखीची वस्तू लगेच कामाला लागते.

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी प्रश्नाला वेगळे वळण दिले. मुलाचा हात फक्त मांडणारा का असावा, उत्पादन करणारा का नसावा? टकळीवर सूत काततानाच तार, लटी, गुंडी मोजत गणित यावे, कापसातून भूगोल यावा. झाकिर हुसेन समितीने यावर अभ्यासक्रम आखला. या योजनेच्या, म्हणजे नई तालीमच्या, परिभाषेत हस्तोद्योग आणि विषय यांच्या या जोडणीला समवाय म्हणतात, आणि हा शब्द योगायोगाने, किंवा योगायोगापेक्षा काही अधिक कारणाने, वैशेषिकांचाच आहे. ज्यांना वेगळे करता येत नाही अशा दोन गोष्टींचा संबंध तो समवाय. दर्शनग्रंथांतले त्याचे ठरलेले उदाहरण तंतू आणि पट, म्हणजे सूत आणि कापड. वैशेषिकांच्या मते गुणही द्रव्यात समवायानेच राहतो. म्हणून सुताचे गणित सुतात आहे असे मानणे मोहक वाटते. पण समवाय लादता येत नाही. कताईतून गुणाकार सहज निघतो. कताईतून कवितेपर्यंत जायचे तर ओढाताण होते, आणि तिथे समवायाऐवजी नुसता संयोग उरतो. त्याच परिषदेत प्रा. के. टी. शाह यांनी आक्षेप घेतला होता तो मुलांच्या श्रमाचा मालाच्या बाजाराशी संबंध जोडण्याला. त्या आक्षेपात तत्त्वाचाही भाग आहे. सूत विकायचे असेल तर तुटलेला धागा नुकसान ठरतो. शिकायचे असेल तर तुटलेला धागा वडाच्या रिकाम्या बीसारखा असतो. एकाच तुटण्याला दोन मालक झाले की मूल कोणाचे ऐकणार?

राहिला गमतीचा प्रश्न. ‘आनंददायी शिक्षण’ हा शब्द महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या तोंडी रुळून बरीच वर्षे झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानून खेळ व कृती यांना त्यात मध्यवर्ती जागा दिली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाने त्यासाठी साहित्याची पेटीही निघाली. गंमत हवीच. पण कशाची? जॉन ड्यूईने शंभरेक वर्षांपूर्वी बजावले होते की विषयात रस नसताना वरून गोडवा चढवला तर मूल गोडवा चाटते आणि विषय सोडून देते. ज्युडी डीलोक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचे प्रयोग याला नेमका आधार देतात. त्यांनी लहान मुलांना खोलीची छोटी प्रतिकृती दाखवली, तिच्यात खेळणे लपवले आणि खऱ्या खोलीत तशाच जागी लपवलेले खेळणे शोधायला सांगितले. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना ते जमले, अडीच वर्षांच्यांना जमेना. पुढचा भाग अधिक बोलका आहे. तीन वर्षांच्या मुलांना आधी प्रतिकृतीशी मनसोक्त खेळू दिले तर त्यांची कामगिरी घसरली. अडीच वर्षांच्यांना ती काचेआडून दाखवली, हात लावू दिला नाही, तर सुधारली. वस्तू जितकी स्वतःच मजेची, तितकी ती दुसऱ्या कशाची खूण म्हणून दिसणे अवघड. ही मुले पहिलीतल्या मुलांहून लहान होती, हे खरे. तरी चकचकीत प्लास्टिकच्या फळांनी बेरीज शिकवणाऱ्या वर्गात फळांचेच राज्य का होते, आणि कंटाळवाणे चिंचोके का जिंकतात, याचा खुलासा त्यातून होतो. घरी आईवडिलांनी रात्री जागून केलेल्या थर्माकोलच्या प्रकल्पांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांत हातही मुलाचा नसतो.

खूण म्हणून आलेली वस्तू केव्हातरी बाजूला व्हावी लागते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दिलेला अरुंधतीचा दृष्टांत इथे चपखल बसतो. अरुंधतीचा तारा मंद, चटकन दिसत नाही. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवून ‘ही अरुंधती’ म्हणायचे, आणि नजर तिथे स्थिरावली की ‘ती नव्हे, तिच्या बाजूची’ असे सांगायचे. शिक्षकाने आधी थोडे खोटे बोलायचे आणि वेळेवर ते मागे घ्यायचे, असा हा न्याय आहे. मराठी घरात हे दर भाद्रपदात घडते. मातीची मूर्ती आणली जाते, तिच्यात प्राणप्रतिष्ठा होते, आणि ठरल्या दिवशी विसर्जन. प्रतिष्ठेशिवाय ती माती आहे, विसर्जनाशिवाय ते सामान आहे. वर्गातल्या साहित्याचे बहुतेक अपघात या दोहोंतले एक चुकल्याने होतात: मुलाने मांडून पाहण्याआधीच शिक्षक चिंचोके गोळा करतो, किंवा तिसरीतही मूल सात अधिक पाचसाठी डबा उघडते.

हे सगळे एका ठिकाणी दिसते ते दुसरीच्या बेरजेत. सत्तावीस अधिक पंधरा. पाठ करून आलेले मूल पुष्कळदा तीनशे बारा लिहिते: दोन आणि एक तीन, सात आणि पाच बारा, दोन्ही शेजारी शेजारी. काड्या घेतल्या की काम असे चालते: दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधलेले, बाकीच्या काड्या सुट्या. सुट्या काड्या बारा होतात. त्यांतल्या दहांना रबर लागते, दोन उरतात, आणि नवा गठ्ठा गठ्ठ्यांच्या घरात जातो. मराठी मूल या क्षणी म्हणते: हातचा एक. इंग्रजीत याला वाहून नेणे म्हणतात. मराठीने ती संख्या हातात धरून ठेवली. पण हातातला गठ्ठा एक आहे की दहा? मोजला तर दहा काड्या, मांडला तर एक गठ्ठा. काड्यांत काहीही बदललेले नाही, रबर तेवढे आले. ज्या मुलाला तो गठ्ठा एकाच वेळी एक आणि दहा दिसतो, त्याच्या मनात वैशेषिकांची अपेक्षाबुद्धी दोनदा काम करत असते, एकीच्या पोटात दुसरी. ज्याला दिसत नाही त्याला रबराचे रंग बदलून फायदा नाही; गठ्ठा सोडून पुन्हा बांधायला लावणे एवढाच उपाय, तोही शिक्षकाने न बोलता.

हे आले की काड्या मागे पडतात. हात मात्र पूर्णपणे मागे पडत नाही. वाणी हिशेब करताना बोटांची पेरे चाचपतो, तिथीवार काढणारी आजीही अंगठा पेरांवरून फिरवते. जप करणारा तर हाताचा उपयोग पहिलीच्या मुलाच्या अगदी उलट करतो. मुलाच्या हाताने मनाला संख्या दिली. जपात संख्या हाताकडे सोपवली जाते, म्हणजे मनाला ती सांभाळावी लागू नये. एकशे आठ मणी बोटांखालून सरकतात, मन नामावर असते. माळ संपल्याचे कळते ते मेरुमणी बोटाला लागल्यावर, आणि तो न ओलांडता माळ तिथूनच उलट फिरवतात.